रोटात लेकीची मूठ धरायची की नाही?

कानबाईच्या आधीचा शुक्रवार. अमळनेरला स्टेशन रोडच्या चहाच्या टपरीला लागून आमचा ओटा आहे, तिथे सगळे जमले होते. कापसावर काय फवारायचं यावर बोलणं चाललेलं. तेवढ्यात जिभाऊ म्हणाला, "यंदा रोटात मन्ही आंडेरनी बी मूठ धरसू." आंडेर म्हणजे लेक.

नानांनी कप खाली ठेवला. "असं कोनी करस का रे भो?"

झालं. रात्री टपरीचं शटर पडलं तरी आम्ही तिथेच उभे.

खान्देशाबाहेरच्यांना हा वाद चटकन उमगायचा नाही, म्हणून थोडं सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. २०२५ ला तो रविवार ३ ऑगस्टला आला. नारळाला देवीचं रूप द्यायचं, नथ-साडी नेसवायची, रात्रभर जागरण करायचं, अहिराणी गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. कुठेही पांगलेले असोत, भाऊबंद त्या दोन दिवसांसाठी घरी येतात. सुरत, नाशिक, पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. ह्या सणाचा जीव रोटात असतो. जिभाऊच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ काढतात. तान्हं पोर असलं तरी त्याची मूठ निघते. त्या धान्याचे रोट होतात, ते कुळातल्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. प्रत्येक भाऊबंदकीचे बारकावे वेगळे, पण मोजणी बहुतेक घरांत असते. यात कोणाचं नाव घेतलं जातं, त्यावर घरात कोण धरलं जातं ते कळतं. मी तरी ह्या रिवाजाकडे असाच बघतो.

जिभाऊच्या घराचं हे वर्षच तसं होतं. माघात घरभरणी झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर वैशाखातच थोरल्याचं लग्न लागलं. ज्येष्ठात तात्यांचं, म्हणजे जिभाऊच्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. मास्तरांनी तेव्हा हिशेब मांडून दाखवला होता: पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, तर हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. तात्यांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४४ आहे, कारण त्या काळी मास्तर लोक सरसकट सगळ्यांना १ जूनच लावायचे. पण ८१ दिव्यांनी ओवाळलं तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता की तारखेचं कोणी मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास धाकटा बारावी पास झाला. आषाढात थोरला नवी नवरी घेऊन सुरतेला गेला, लेक पुण्याला नोकरीवर रुजू झाली, धाकटा इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी नाशिकला. वर्षाच्या सुरुवातीला सात माणसांचं घर होतं. नव्या स्लॅबखाली आता तात्या, आजी, जिभाऊ आणि वहिनी, एवढेच उरले.

पोरं जातात याबद्दल ओट्यावर कोणाची तक्रार नव्हती. १९४५ ला याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो झाली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. पण संगणकाची नोकरी करायची तर पुणं नाहीतर बंगळुरू गाठावं लागतं. प्रताप मिल होती तेव्हा भोंग्यावर घरं चालायची. आता कोरडवाहू आठ एकरात दोन पोरं आणि एक पोरगी कुठे मावायची? पोरं जाणारच. गेल्यावर घर त्यांना आपलं म्हणतं का, आणि सगळ्यांना सारखंच म्हणतं का, यावर वाद होता.

मास्तरांनी उगाच आडून न विचारता थेट विचारलं. "जिभाऊ, थोरल्याच्या लग्नाला किती गेले?"

"सहा लाख."

"२०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. सहा लाख म्हणजे ऐंशी क्विंटल कापूस. तुझ्या आठ एकरात होतो का एवढा?"

जिभाऊ काही बोलला नाही. होत नाहीच. आणि खेडा खरेदीवाला त्या भावाने घेतो थोडाच? धाकट्याच्या बारावीचा फ्लेक्स चौकात लागला होता, आम्हा सगळ्यांचे फोटो खाली शुभेच्छुक म्हणून. लेकीला कॉलेजातून नोकरी लागली, हिच्या आधी त्या घरात इंजिनिअर म्हणून कोणी नव्हतं, तेव्हा देवापुढे पाव किलो पेढे ठेवले आणि विषय संपला. फ्लेक्स नको होता, मलाही तो आवडत नाही. पण एका वर्षात चार कार्यं दणक्यात करणाऱ्या घराला पाचव्या आनंदाच्या वेळी हात आखडता घ्यावासा वाटला, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

जिभाऊने मग सांगितलं ते माझ्या डोळ्यासमोर अजून आहे. लेकीला पोहोचवायला तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेला. डिकीत गादीची वळकटी, स्टीलच्या डब्यात कळण्याचं पीठ, पिशवीत बिबड्या. हिंजवडीच्या त्या पीजीत एका खोलीत तिघी, पलंगाखाली बॅग ठेवायलाही जागा नाही. खाली टेबलावर बाईने फॉर्म दिला. कायमचा पत्ता विचारला तिथे पोरीने न थांबता घरचा पत्ता लिहिला, घर नंबरसकट. "मी बाजूले उभा व्हतो," जिभाऊ म्हणाला, "आनि जुलैअखेर पहिला पगार आला, तर बँकेच्या कर्जाचा हप्ता तिने भरून टाकला. स्लॅबचा. सांगितलं बी नई." आधारवर ती घरातली, पत्त्यावर घरातली, हप्त्यात घरातली. रोटातच काय ती नाही?

नाना काही वाईट माणूस नाहीत. घरभरणीला जिभाऊला हातउसने दिले ते त्यांनीच. त्यांचं म्हणणं असं की रोट कुळाचा असतो. लेक उद्या दुसऱ्या कुळात जाते, तिची मूठ आज धरली तर लग्नानंतर काढून घेणार का? दिलेलं काढून घेणं जास्त वाईट. हा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. त्यांचं दुसरं म्हणणं, भाऊबंदांना न विचारता असं ठरवायचं नसतं.

वकीलसाहेब मध्ये पडले. महाराष्ट्रात १९९४ लाच लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, २००५ ला तो कायदा देशभर आला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही. "सातबाऱ्यावर नाव लागतं आणि मुठीत लागत नाही, हे कसं?"

"कायदा कोर्टात, कानबाई घरात," नाना म्हणाले. "आनि सातबाऱ्यावर तरी किती पोरी ठेवतस नाव? आखाजीले माहेरी आली की भाऊ हक्कसोडवर सही घेतस."

यावर वकीलसाहेबांनाही बोलता येईना. ते खरंच आहे. कायद्याने दिलेलं घरचे एका सहीत परत घेतात, आणि पोरी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. पण माझ्या मते तर ह्याच कारणाने मूठ महत्त्वाची. लहानपणापासून दर श्रावणात जिच्या नावाने धान्य निघालं, तिच्यापुढे हक्कसोडचा कागद ठेवताना भावाचा हात थोडा तरी अडखळेल. दरवर्षी घरातल्या पोरांसमोर जे होतं, तेच त्यांच्या अंगात मुरतं.

"तिची मूठ सासरी धरतील," नाना परत तिथेच आले.

मास्तर म्हणाले, "नाना, तुमच्या घरात सुनांची धरतात?"

"सुनांची कशाला? नवऱ्याची धरली की तिची त्यात आलीच."

"म्हणजे माहेरी धरायची नाही कारण सासरी जाणार, आणि सासरी धरायची नाही कारण नवऱ्यात आली. मग ती धरली कुठे?"

नानांनी तंबाखूची पुडी काढली, पण मळली नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ते धान्य निवडतं कोण? गिरणी धुऊन घ्यायला सकाळी उठून कोण जातं? पुरण वाटायचं, गंगाफळाची भाजी करायची, उपास धरून चुलीपुढे बसायचं, जागरणाला गाणी म्हणायची, सगळं बायकांनी. देवी बाई, करणारी बाई, आणि मोजायचे तेवढे पुरुष! आपल्या आयांनी हे उभ्या जन्मात कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून त्यांना वाटलं नसेल असं धरून चालायचं का? मी जरा चढ्या आवाजात बोललो, पण त्याचं मला काही वाटत नाही. आणि नाना म्हणत होते की एका मुठीने काय होतं. काही होत नसेल तर अडवायचं कशाला?

काढून घेण्याच्या प्रश्नाला जिभाऊचं उत्तर होतं, आणि ते आमच्या सगळ्यांच्या वकिलीपेक्षा सरळ होतं. "काढसूच नई. लगीन व्हवो नाहीतर न व्हवो. मी शे तवपर्यंत तिन्ही मूठ निंघी."

रविवारी काय झालं तेही सांगतो, कारण अर्धं गाव उलटसुलट बोलतं आहे. लेक शनिवारी रात्री पुण्याहून निघून सकाळी आली. सोमवारी रजा नव्हती, म्हणून विसर्जनाआधी रविवारी रात्रीच परत गेली. थोरला सुरतेहून जोडीने आला. धाकट्याची प्रवेशाची फेरी चालू होती, तो नाशिकलाच राहिला. त्याची मूठ निघाली, आणि तो नाही तर कशाला, असं एकानेही विचारलं नाही. आजीने नेहमीप्रमाणे नावं घेत सुपात धान्य टाकलं. तीन भावांच्या घरचे अकरा पुरुष झाले. मग तिने नातीला जवळ बोलावलं, तिचंच नाव घेतलं आणि मूठ टाकली, वर पाव मूठ. चुलत घरातले थोरले काका दर्शन घेऊन उठले, रोट न खाता गेले. दुसऱ्या चुलत्याने खाल्ले, पण म्हणाला, आधी सांगायला हवं होतं.

हे मात्र नानांचं बरोबर होतं, आणि मी ते ओट्यावर सगळ्यांसमोर मान्य केलं. भाऊबंदांचा सण आहे, तर बदलही भाऊबंदांना बसवून करायचा. काका काही वैरी नाहीत, त्यांना न विचारल्याचं लागलं. पण विचारायचं म्हणजे परवानगी मिळेपर्यंत लेकीला बाहेर उभं करायचं, असं मी म्हणणार नाही.

जिभाऊ दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन आला. ठरलं असं की पुढच्या आखाजीला, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असताना, तिन्ही घरांची बैठक घ्यायची. लेकींनाही बसवायचं, ही मास्तरांची अट. नाना येणार आहेत, विरोधातच बोलणार आहेत, तसं त्यांनी बजावून ठेवलं आहे. वहिनींनी मात्र ओट्यावर निरोप धाडला की बैठक लेकींपुरती ठेवू नका, सुरतेच्या सुनेची मूठ कोण धरणार तेही त्याच दिवशी ठरवा.