युद्धनौकेची दुरुस्ती निम्म्या खर्चात? आधी झाकण तर उघडा!

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, मग मेव्हण्याने, मग कल्याणच्या एका शाळासोबत्याने. मजकूर थोडक्यात असा: लष्कराच्या गाड्या, रणगाडे, युद्धनौका यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांचा पुरवठा सरकारी वर्कशॉप आणि गोद्यांकडून काढून सरसकट खासगी कंपन्यांना द्या. खर्च निम्मा होईल, काम वेळेत होईल. अमेरिका हेच करते, लष्कराच्या खर्चाबद्दल सरकारने नेमलेल्या शेकटकर समितीनेही हेच सांगितलंय, विरोध करतात ते फक्त युनियनवाले. खाली तिरंगा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी ३१ वर्षं मुंबईत रे रोडला एका खासगी वर्कशॉपमध्ये जहाजांचे व्हॉल्व्ह दुरुस्त केले. शेठ खासगी, पगार खासगी, काम मात्र बरंचसं सरकारी जहाजांचं. तेव्हा खासगीवाल्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण मेसेजमधलं एकेक वाक्य वाचून हात शिवशिवले.

‘खर्च निम्मा होईल.’ कशाच्या निम्मा? जहाज गोदीत येतं तेव्हा सोबत डिफेक्ट लिस्ट येते. तीत एक ओळ असते: अमुक सी-व्हॉल्व्ह गळतो, ओव्हरहॉल करणे. हा व्हॉल्व्ह समुद्राचं पाणी आत घेणारा, गनमेटलचा, पाण्याच्या पातळीखाली बसवलेला. त्या एका ओळीवरून दर भरायचा: खोलणे, साफ करणे, सीट (आतली तबकडी, म्हणजे डिस्क, जिथे घट्ट टेकते ती कड) लॅप करणे म्हणजे घासून जुळवणे, दांड्याभोवतीचं ग्लँड पॅकिंग बदलणे, हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, परत बसवणे. दोन दिवसांचं काम. मग झाकण उघडायचं. स्पिंडल, म्हणजे डिस्क हलवणारा दांडा, मधेच खाल्लेला. सीटवर नख अडकेल एवढी चर. आणि व्हॉल्व्ह ज्या फ्लँजवर बसतो तिथला पत्राच पातळ झालेला. झालं! व्हॉल्व्ह राहिला बाजूला. आता पत्रा कापा, वेल्डर बोलवा, त्याच्या आधी मागची केबल काढा, केबलवाला येईपर्यंत वेल्डर बसून. आमच्याकडे याला ‘काम वाढलं’ म्हणायचे, आणि ते वाढलं नाही असं जहाज मी पाहिलं नाही. नवीन जहाज बांधताना ड्रॉइंगप्रमाणे काम होतं. दुरुस्तीत ड्रॉइंग वीस वर्षांपूर्वीच्या जहाजाचं आणि समोर उभं असतं आजचं.

मग दर कसा भरणार? एक तर सगळा धोका आधीच धरून चढा भाव लावायचा. नाहीतर कमी भावात टेंडर उचलायचं आणि वाढीव कामाच्या बिलावर वसूल करायचं. आमचे शेठ दुसऱ्या पंथातले होते. तिसरा रस्ता सरकारने अलीकडे धरलाय: दुरुस्तीचे पैसे द्यायचेच नाहीत, ‘तयार असण्याचे’ द्यायचे. राफेलच्या करारात ताफ्यातली किमान ७५ टक्के विमानं उड्डाणाला तयार ठेवायची हमी उत्पादकाकडून घेतली आहे. पद्धत चांगलीच आहे. पण हमी काही फुकट मिळत नाही. शिवाय विमान खरंच तयार आहे की कागदावर तयार आहे, हे सांगणारा माणूस सरकारचा आणि त्याच कामात मुरलेला असावा लागतो. काकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या लिफ्टचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) सर्वांत कमी कोटेशन बघून त्यांनीच दिलं होतं. पावसाळ्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा ‘हा पार्ट एएमसीत येत नाही’ हे वाक्य ऐकून सगळी कमिटी गप्प बसली, कारण पार्ट खरंच गेलाय की नाही हे आपल्यातल्या कोणालाच कळत नव्हतं.

‘काम वेळेत होईल.’ इथे मेसेजवाल्याची बाजू अगदीच पोकळ नाही. सिंधुकीर्ती ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या सरकारी हिंदुस्तान शिपयार्डमध्ये २००६ साली दुरुस्तीला गेली आणि २०१५ साली बाहेर आली. नऊ वर्षं! याचं समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण दुसरीकडेही बघा. नौदलाने २०११ साली पाच गस्ती जहाजांचं काम पिपावावच्या खासगी गोदीला दिलं. २०१७ मध्ये त्यांतली दोन पाण्यात उतरली, २०२० मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली, आणि तोवर नौदलाच्या हाती एकही जहाज आलं नव्हतं. ते काम बांधणीचं होतं, दुरुस्तीचं नव्हे, हे खरं. पण ड्रॉइंग हातात असताना ही गत, तर झाकणाखाली काय निघेल हे माहीत नसताना काय होईल?

याच्या उलट, चेन्नईजवळ कट्टुपल्लीला एल अँड टीच्या खासगी गोदीत ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाचं ‘चार्ल्स ड्र्यू’ हे पुरवठा जहाज दुरुस्तीला आलं. अमेरिकी नौदलाचं जहाज भारतात दुरुस्तीला येण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी जहाजदुरुस्तीचा करार त्यांनी आपल्या माझगाव डॉकशी केला, आणि माझगाव डॉक १९६० पासून सरकारी आहे. म्हणजे ज्या अमेरिकेचा दाखला मेसेज देतो, तिने खासगी गोदीही निवडली आणि सरकारीही. गोदी बघितली, पाटी नाही.

अमेरिकेचं निघालंच आहे तर तेही बघू. तिथे कायदा आहे: लष्करी सामग्रीच्या मोठ्या दुरुस्तीवर वर्षाला जो पैसा खर्च होतो, त्यातला ५० टक्क्यांहून जास्त कंत्राटदारांना देता येत नाही. अणुपाणबुड्या आणि विमानवाहू नौकांच्या मोठ्या दुरुस्त्या मुख्यतः नॉरफोक, पोर्ट्समथ, प्युजेट साउंड आणि पर्ल हार्बर या नौदलाच्या स्वतःच्या चार गोद्यांत चालतात. ‘सरसकट’ हा शब्द आला कुठून, देव जाणे.

शेकटकर समितीबद्दल थोडक्यात. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यामागोमाग आर्मी बेस वर्कशॉपसाठी, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या मोठ्या दुरुस्ती-वर्कशॉपसाठी, जी योजना पुढे आली, तिच्यात जागा, शेड, यंत्रं सरकारच्या मालकीची आणि चालवणारा तेवढा खासगी. याला विक्री म्हणत नाहीत. दारूगोळा कारखाने ‘विकले’ असंही मेसेजमध्ये एका ओळीत घुसडलंय. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, अंबरनाथचे दोन्ही कारखाने त्यांतच आहेत, आणि सातही कंपन्या सरकारच्या आहेत. (मुंबईची नौदल गोदी १७३५ साली सुरू केली ती मात्र ईस्ट इंडिया नावाच्या एका खासगी कंपनीनेच. तो अनुभव काकांनी आठवून बघावा.)

राहता राहिले युनियनवाले. खासगी झालं की संप संपले, असा मेसेजचा सूर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या बस आठवडाभर कोणामुळे रखडल्या? बेस्टच्या कायम कामगारांमुळे नाही. भाडेतत्त्वावरच्या बसवर कंत्राटदारांनी नेमलेले चालक पगारासाठी बाहेर पडले होते. बेस्टचा प्रवासी निदान लोकल तरी पकडू शकत होता.

मी स्वतः कधी युनियनमध्ये नव्हतो, आमच्या शेठला ते चालतच नसे. पण एक प्रसंग सांगतो. आम्ही घाईघाईत लॅप केलेला एक व्हॉल्व्ह तपासणीला गेला. सरकारी इन्स्पेक्टरने डिस्कला निळा रंग लावला, सीटवर टेकवून फिरवली, उचलली. सीटवर निळं कडं गोल उमटायला हवं होतं, एका बाजूला दोन बोटं जागा कोरी राहिली. ‘परत न्या.’ दुसऱ्यांदा नेला, एक बोट कोरी. ‘परत न्या.’ शेठनी वरून फोन लावून पाहिला, चहा पाजून पाहिला. तिसऱ्यांदा कडं पूर्ण उमटलं तेव्हा त्याने सही केली आणि चहाचे पैसे शेठच्या टेबलावर ठेवले. त्याच्या शर्टाच्या खिशावर युनियनचा बिल्ला होता.