लोकवन की खपली?

मावसभावाचे लग्न जमवायचे ठरले तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम आले आणि मी संगणकावर काम करतो एवढ्याच पुण्याईवर फोटोतला मुलगा उजळवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. फोटो कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, दुसऱ्याच कोणाच्या तरी लग्नात काढलेला होता. वर पिवळे दिवे, मागे जांभळा पडदा आणि खांबाला झेंडूच्या माळा, अशा थाटात उभा असलेला आमचा मूळचा निमगोरा मुलगा नुकताच काविळीतून उठल्यासारखा दिसत होता.

"फार नको, थोडासाच उजळ कर, पण केलेला कळता कामा नये," अशी अट घालून मावशी सदाशिव पेठेतून चष्म्यासह माझ्याकडे आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. ते घडवणाऱ्या नोल बंधूंच्या शेजारी कोणाची मावशी बसलेली नसणार, हे त्यातल्या स्लायडरांच्या संख्येवरून सहज कळते.

पहिली पायरी व्हाइट बॅलन्सची, म्हणजे दिव्यांनी बिघडवलेले रंग ताळ्यावर आणण्याची. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळ्या दिव्यांचा ३००० च्या आसपास. म्हणून फोटोतल्या खरोखर पांढऱ्या किंवा करड्या वस्तूवर रंग टिपणारा ड्रॉपर टेकवायचा, की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. मी मागे उभ्या असलेल्या काकांच्या टोपीवर तो टेकवला. त्या टोपीला काकूने सढळ हाताने नीळ दिलेली होती हे मला ठाऊक होते, सॉफ्टवेअरला नव्हते. त्याने निळसर टोपी पांढरी मानली आणि हिशेब जुळवण्यासाठी मुलावर आणखी पिवळा ओतला.

"अरे, हळद अजून लागायची आहे त्याला!" मावशी ओरडली. अखेर सिमेंटच्या खांबाच्या करड्या रंगाने आमची लाज राखली.

आता त्वचा. माणूस गोरा असो वा सावळा, सॉफ्टवेअरच्या लेखी त्याची त्वचा बहुतेक नारिंगीच असते. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणून मी नारिंगीचा उजळपणा वाढवला. मुलगा उजळला खरा, पण झेंडूही नारिंगीच असल्यामुळे माळांची शेवंती झाली आणि शेजारच्या पाहुण्याच्या फेट्याचा केशरी रंग दहा वेळा धुतल्यासारखा उडाला. मग मास्क लावून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, फक्त चेहरा उजळवून पाहिला, तेव्हा चेहरा एकाचा आणि मान दुसऱ्याची दिसू लागली. निमूटपणे मी शेवंतीवर परत आलो.

"इतका गोरा नको, गव्हाळ ठेव," मावशी म्हणाली.

"लोकवन की खपली?" मी वैतागून विचारले. तिने चष्मा पुसला, क्षणभर गंभीरपणे विचार केला आणि "सिहोर" असे उत्तर दिले.

फोटो तिच्या फोनवर पाठवला तर तिथे मुलगा पुन्हा पिवळाच. मी तीन वेळा त्याच्यात निळा मिसळला, इतका की माझ्या पडद्यावर तो थंडीने गारठलेला दिसू लागला. आजीच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मावशीच्या नातवाने तिच्या फोनचा पडदा कायमचा पिवळसर करून ठेवलेला आहे, हे चौथ्या खेपेला उघडकीस आले. तीन रात्री गेल्या, आणि नातवाला काही बोलायची सोयही नव्हती.

फोटो एकदाचा रवाना झाला आणि चौथ्या दिवशी मुलीकडचा फोटो आला. मुलगी छान होती, हसरी होती, उजळ होती. मावशी तो फोटो बराच वेळ न्याहाळत राहिली आणि मग तिचे लक्ष मागच्या दाराकडे गेले.

"अगबाई, पांढऱ्या झेंडूचे तोरण! हौशी माणसे दिसतात. बी कुठून आणले ते विचारायला हवे."

बियांचे राहू दे, मी तिला म्हणालो. मुलीचा एखादा मावसभाऊ संगणकावर काम करतो का, तेवढे मात्र जरूर विचार.