पद्मिनीला इलेक्ट्रिक पंप

प्रीमियर पद्मिनी गाडी घाटात बंद पडली की बॉनेट उघडायच्या आत सल्ला हजर असतो : "काका, पंपावर ओला फडका टाका." सल्ला चुकीचा नाही. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, इंजिनाला चिकटलेला मूळचा मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबरच तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढणं त्याच्या डायफ्रॅमच्या, म्हणजे आतल्या रबरी पडद्याच्या, आवाक्यात नसतं. फडक्याने पंप निवतो, गाडी सुरू होते आणि पुढच्या वळणावर पुन्हा तोच सोहळा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाल्यापासून तर फडक्याचं शास्त्र सांगणारेच फार उरलेत, जाणणारे कमी. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. जुन्या रबराशी त्याचं पटत नाही. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारू नका, आधी ऑइल बदला.

या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच, "इलेक्ट्रिक पंप बसवा ना, दहा मिनिटांचं काम आहे." पंपाचं काम खरंच दहा मिनिटांचं आहे. बाकीचा रविवार पंपाभोवतीच्या गाडीला लागतो.

पहिला वाद पंप कोणता यावर. मिस्त्री भंगारातून एक देखणा पंप काढतो, इंजेक्शनवाल्या गाडीचा. "चालतो साहेब." चालतो हे खरं, फारच चालतो. तो 43 पीएसआयच्या आसपास जोर देतो, आणि आपण टायरमध्येसुद्धा तीसच्या आत हवा भरतो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, लागतात अडीच ते तीन. त्याहून जास्त झालं की कार्बोरेटरच्या बाऊलमधला तरंगता फ्लोट पेट्रोलची वाट बंद करणारी सुई कितीही जीव तोडून दाबू दे, सुई उचलली जाते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. "रेग्युलेटर लावू की!" टाकीकडे परतीची लाइन नसताना 43 चे तीन करणारा साधा रेग्युलेटर मला तरी ठाऊक नाही. कार्बोरेटरच्या गाडीसाठीचा कमी दाबाचा पंपच घ्यावा, टकटक करणारा, दीड-दोन अँपिअर खाणारा.

दुसरा वाद जागेचा, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात खरा मुद्दा हाच. मिस्त्रीला पंप बॉनेटखाली हवा असतो, कारण हात तिथे पोचतो. मालकालाही तिथेच हवा असतो, कारण आल्यागेल्याला दाखवता येतो. पण हा पंप म्हणजे ढकलायला पैलवान आणि ओढायला पेन्शनर. पुढे बसवला तर टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर राहते. ओढीवर दाब कमी, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. म्हणजे पैसे खर्चून घाटातलं दुखणं कायम. पंप मागे, टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली असावा. मग पुढची सगळी लाइन दाबाखाली येते. सायलेन्सरपासून लांब आणि चाकाच्या चिखलापासूनही लांब. या दोन अटी पाळल्या की गाडीच्या पोटाखाली साधारण तळहाताएवढी जागा उरते, आणि तिथे हमखास गंज असतो.

गंज दिसला तर मागून पत्र्याची पट्टी द्या, मग भोक पाडा. पंप थेट पत्र्यावर आवळू नका, मध्ये रबरी बुश घाला, नाहीतर टकटक थेट मागच्या सीटवरच्या आत्याबाईंच्या कानात जाते आणि त्या पुण्यापर्यंत "काहीतरी वाजतंय हो" म्हणत राहतात. पंपावरचा बाण इंजिनाकडे. पंपाच्या आधी जाडसर फिल्टर, कारण जुन्या टाकीच्या तळाशी काय काय साठलंय ते टाकीलाच माहीत; बारीक फिल्टर पुढे, कार्बोरेटरपाशी. होज पेट्रोलचाच घ्या. पाण्याची पारदर्शक नळी महिनाभर छान दिसते, मग पिवळी पडून कडक होते आणि क्लिपपाशी तडकते.

मूळ पंप लाइनीत ठेवून नवा पंप त्यातूनच ढकलू नका. डायफ्रॅम फाटलाच तर आता इलेक्ट्रिक पंप दुप्पट उत्साहाने ऑइलमध्ये पेट्रोल भरेल. मूळ पंप काढा, त्याला हलवणारा दांडा असेल तर तोही काढा आणि भोकावर गॅस्केटसकट प्लेट बसवा.

वायरिंगमध्ये बहुतेकजण चावीवरून एक वायर ओढतात आणि हात झटकतात. मग गाडी आपटून इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत पंप तुटलेल्या नळीतून इमाने इतबारे पेट्रोल ओतत बसतो. उपाय गाडीतच आहे : ऑइलच्या लाल दिव्याचा स्विच. ऑइलचा दाब नसताना तो वायर अर्थ करतो. पाच पिनांचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घ्या; आकडे पिनांजवळ छापलेले असतात. चावीचा करंट 5 अँपिअरच्या फ्यूजमधून 30 आणि 86 वर, ऑइल स्विचची वायर 85 वर (दिव्याची वायर न तोडता), आणि पंपाची वायर 87 वर नव्हे, 87ए वर, कारण ही पिन रिले ओढला गेला की तुटते. इंजिन थांबलं, दाब गेला की पंप बंद. रिले विकत घेताना पिना वाचा; काहींच्या मधल्या पिनेवरही 87 च छापलेलं असतं, तो इथे निरुपयोगी. ऑइल स्विचची वायर तुटली तर मात्र पंप चालूच राहतो, म्हणून पंपाच्या वायरीत धक्का बसला की करंट तोडणारा इनर्शिया स्विचही घाला. आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू करायला रिलेला वगळून पंप चालवणारं एक दाबबटण लागेल. पंपाची अर्थ लावताना पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा. पन्नास वर्षांच्या रंगावर आवळलेली अर्थ म्हणजे नुसता शोभेचा बोल्ट.

आता चाचणी. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, बटण मिनिटभर दाबा. अर्धा लिटर आलं तरी पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाला पुरून उरतं. नळी पुन्हा जोडली की टकटक आधी जलद, मग बाऊल भरला की संथ व्हायला हवी. जलदच राहिली तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी आहे. पेट्रोलचा काटा काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

सगळं बरोबर असूनही गाडी आठ-दहा किलोमीटरवर गुदमरते, तेव्हा पंपाला शिव्या देण्याआधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर गुन्हेगार सापडला. वळणावर पेट्रोल सांडतं म्हणून कुणा पूर्वजाने झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी दाबलेली असते. टाकीत हवा शिरायची वाटच बंद, पंप निर्वातावर डोकं आपटतोय. पिशवी काढा, झाकणाचं भोक तारेने साफ करा.

जुना पंप टाकू नका. डायफ्रॅम बदलून, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. त्याचं गॅस्केट मात्र आत्ताच घ्या, आणि दुकानात चालत जा, गाडी घेऊन गेलात तर गॅस्केट राहतं बाजूला, दुकानदार बाहेर येऊन विचारतो, "विकायची आहे का?"