पडद्यावरचा इतिहास आणि तहसीलमधला

"पिच्चरनं अडीच-पावणेतीन तासात जे शिकवलं ते तुमच्या इतिहासकारांनी शंभर वर्षात शिकवलं नाही." आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हे वाक्य आलं आणि खाली धडाधड अंगठे पडायला लागले. लिहिणारा निलंग्यातच वकिली करतो, ग्रुपात त्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात, माझ्याच बाकावर बसायचा. संभाजी महाराजांवरचा 'छावा' सिनेमा टीव्हीवर परत लागला होता म्हणे, त्याच्यावरून सुरू झालं. मी इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला निघालो होतो, ते राहिलं आणि मी उभ्या उभ्या एवढा मोठा मेसेज टाइप केला की बोटं दुखली.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जुने कागद सगळे शत्रूने लिहिलेले, मोगलांचे, निजामाचे, नाहीतर इंग्रजांचे, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, त्यापेक्षा आपल्या माणसाने आपल्या भाषेत लिहिलेली कादंबरी बरी, निदान ती रक्त उसळवते. आता रक्त उसळवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी पण तालुक्याच्या लायब्ररीतल्या पानं सुटलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच वाढलोय, परीक्षेच्या आदल्या रात्री कंदिलात वाचल्यात, रडलोय. कैदेतल्या राजाच्या मनात रात्री काय चाललं असेल हे कुठल्याच कागदात सापडणार नाही, ते कादंबरीकारानेच सांगायचं आणि त्याला तो हक्क आहे. माझी चीड वेगळीच आहे. "आपल्या माणसाने आपल्या भाषेत" या एका अटीवर जर खरंखोटं ठरवायचं असेल तर संभाजी महाराजांची बदनामी कुणी केली होती ते आधी बघा की!

मल्हार रामराव चिटणीसांची बखर मराठीतच आहे. लिहिणारा आपलाच, तोही सातारच्या छत्रपतींच्या दरबारचा. महाराजांना मारलं 1689 ला आणि ही बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे शंभरावर वर्षं मधे गेलेली. शिवाय याच चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिलेला. व्यसनी, उधळा, बेजबाबदार असा संभाजी त्या बखरीतून निघाला आणि पुढे नाटकांतून पिढ्यानपिढ्या टाळ्या घेत राहिला. तो डाग धुतला कुणी? वा. सी. बेंद्र्यांनी. वर्षानुवर्षं कागद उपसून 1960 साली त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र काढलं, आणि ज्या कादंबऱ्यांनी आपण भारावून गेलो त्या गाजलेल्या कादंबऱ्या त्याच्या नंतरच्या. म्हणजे ज्याला वकीलसाहेब "शंभर वर्षात काही शिकवलं नाही" म्हणायलेत त्याच्याच खांद्यावर त्यांचा पिच्चर उभा आहे. आणि शत्रूचे कागद म्हणाल तर औरंगजेबाच्या दरबाराची फारसी बातमीपत्रं मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडी कुठले? जन्म निलंग्याचा! आमच्याच निलंग्याचा. शाळेत असताना आम्हाला हे एकाही मास्तरने सांगितलं नाही, मला ते इथे आल्यावर कळलं.

मी राहतो त्या गावात हीच गोष्ट फार मजेशीर रीतीने घडलीय. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड राजा 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मेला, जिंकणाऱ्यांच्या वंशाने नंतर शंभर-सव्वाशे वर्षं राज्य केलं, आणि त्यांच्याच काळात शेक्सपियरने त्याला कुबडा आणि राक्षस करून रंगमंचावर उभा केला. झालं, चारशे वर्षं लोकांना तोच रिचर्ड माहीत. 2012 मध्ये आमच्या सिटी सेंटरमधल्या काउन्सिलच्या कार पार्कखाली खणलं आणि राजा सापडला. पाठीचा कणा वाकडा होता हे खरं, पण कुबड नव्हतं, म्हणजे नाटकवाल्याने हवेतून काही आणलं नव्हतं, होतं त्याला पीळ दिला. मजा म्हणजे एवढी हाडं तपासून, डीएनए जुळवूनसुद्धा त्याने दोन लहान पुतण्यांना मारलं की नाही ते काही कळलं नाही, हाडं ते सांगत नाहीत. 2015 ला त्याला कॅथेड्रलमध्ये परत पुरला तेव्हा आमच्या शेजारची काकी, मूळची कंपालाची गुजराती, रांगेत उभी राहून दर्शन घेऊन आली. इंडियातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. मेल्टन रोडवर साड्या आणि मिठाई घेऊन झाली की पाहुण्यांना दुसरं दाखवायचं तरी काय.

आणि या शोधावर सिनेमा निघाला तेव्हा काय झालं, तर युनिव्हर्सिटीतल्या एका जुन्या अधिकाऱ्याने मला खोटा रंगवला म्हणून सिनेमावाल्यांना हायकोर्टात खेचलं. कोर्टात! थिएटरच्या काचा नाही फोडल्या. राणीवरच्या त्या नेटफ्लिक्सच्या सिरीजवरून 2020 मध्ये इथल्या सांस्कृतिक मंत्र्याने मागणी केली की प्रत्येक भागाच्या आधी "हे काल्पनिक आहे" अशी पाटी लावा, कंपनी म्हणाली प्रेक्षकांना कळतं, लावणार नाही. पेपरात आठवडाभर वाद चालला, संपला. तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं होतं की बघा, याला म्हणतात प्रगल्भ समाज, आणि आपल्याकडे 2004 मध्ये भांडारकर संस्था फोडली, एका परदेशी माणसाच्या पुस्तकाचा राग आपल्याच पोथ्यांवर काढला.

वकीलसाहेबांनी लगेच 2022 च्या लेस्टरच्या बातम्यांची लिंक टाकली. ते खरंय, झालं ते. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे हिंदू-मुसलमान पोरं रस्त्यावर आली होती, व्हॉट्सॅपवर खोट्यानाट्या बातम्या फिरत होत्या आणि मी पोरांना दोन दिवस बाहेर सोडलं नव्हतं. पण ती इतिहासाच्या पुस्तकावरून झालेली मारामारी नव्हती, असं मी म्हटलं. ते म्हणाले, व्हॉट्सॅपवरची गोष्ट म्हणजे कादंबरीच की. यावर मी काही बोललो नाही.

पण मुद्दा सोडत नाही मी. 2025 मध्ये हाच सिनेमा लागला आणि तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरायला लागले, सिनेमात खजिना दाखवला म्हणून! दुसऱ्याच्या शेतात! आणि खुलताबादला काय, तर तीनशे वर्षं उघड्यावर पडलेली औरंगजेबाची कबर, ती उखडा म्हणून आरडाओरडा, नागपुरात दंगल, मग पुरातत्त्व खात्याने तिथे पत्रे ठोकले. त्या माणसाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत घालवली, मराठे काही संपले नाहीत, आणि शेवटी इथल्याच मातीत गेला. माझ्या मते ती कबर म्हणजे मराठ्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, ती उखडून आपलंच नुकसान. हे लिहिलं की मला औरंगजेबाचा वकील म्हणतात.

आता खरी गोष्ट सांगतो ज्याने माझं डोकं फिरतं. आपण मराठवाड्याचे लोक भांडतो कशावर, तर रायगड, पुणे, सातारा, पानिपत. आपला स्वतःचा इतिहास, आपल्या आजोबा-आजीच्या डोळ्यासमोर घडलेला, त्यावर कुणी अंगठा पण टाकत नाही. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार, पालकमंत्र्याचं भाषण, शाळेत लाडू, संपलं. कासीम रझवी लातुरात वकिली करत होता, रझाकारांचा म्होरक्या आपल्या जिल्ह्याच्या गावातला. माणसं गावं सोडून बार्शीकडे, सोलापूरकडे गेली, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून आपल्या पोरांनी निजामाचे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके जाळले. ते आजी सांगायची, रझाकाराच्या टायमाला असं आन तसं. पण 13 ते 17 सप्टेंबर 1948, भारतीय सैन्याची ती पोलिस अॅक्शन झाली आणि त्याच्यानंतरच्या महिन्यात काय झालं, तिथे आल्यावर आजी गप्प व्हायची किंवा म्हणायची "मग सगळं शांत झालं".

शांत नव्हतं झालं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, ती 1948 च्या शेवटी गावोगाव फिरली, आणि तिचा अंदाज असा की अॅक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट चार जिल्हे सांगितलेत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. सरकारला तो अहवाल मान्य नव्हता, आकड्यांवर वाद आहे, आणि कित्येक दशकं तो कुणाला बघायलाच मिळाला नाही. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं, 1956 पर्यंत. म्हणजे ही आमची गोष्ट आहे. रझाकारांनी आमच्या लोकांवर केलेले जुलूम आणि नंतर आमच्या लोकांनी केलेलं, दोन्ही एकाच पुस्तकात मला पाहिजे, कादंबरी असो नाहीतर संशोधन, आणि ते अडीच तासाचा पिच्चर होईल इतकं लोकांनी वाचायला पाहिजे. त्याला मात्र निर्माता मिळणार नाही, कारण त्यात टाळी कुठं वाजवायची ते प्रेक्षकाला कळणार नाही.

ग्रुपवर हे टाकल्यावर वकीलसाहेब म्हणाले, निजामाच्या काळातले कागद आन अहवाल, ह्याच्यावर विश्वास ठेवायचा का आम्ही? इथे मी त्यांना बरोबर पकडलं. कारण 2023 पासून हेच वकीलसाहेब तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये बसून अशिलांच्या कुणबी नोंदी शोधायलेत, मोडी आणि उर्दू वाचणारी म्हातारी माणसं धरून आणायलेत, न्यायमूर्ती शिंदे समिती आली, मग सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला तेव्हा पेढे यांनीच वाटले. आरक्षण बरोबर की चूक तो विषय नाही माझा, मिळावं ज्याला त्याला. पण पणजोबाची जात निजामाच्या कागदात सापडली की तो कागद खरा, आणि त्याच निजामाच्या राज्याबद्दल दुसरं काही सापडलं की तो शत्रूचा, हे कुठलं शास्त्र? कागदाला बाजू असते हे मान्य, म्हणून तर एकाला दुसरा कागद लावून बघायचा असतो, वकिलाला हे मी शिकवायचं का?

अंगठे यायला लागले माझ्या बाजूने. मी खुश. मग त्यांचा मेसेज आला. "तू तिकडं बसून आम्हाला शिकवायलास व्हय? एवढीच कागदाची हौस आहे तर तुझ्या मौलाच्या पट्टीचा खासरा काढ की मग."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या आठ एकर काळ्या रानाला गावात मौलाची पट्टी म्हणतात. मौला कोण, तर पूर्वीचा मालक, यापलीकडे मला माहिती नाही. घरात सांगतात ती गोष्ट अशी, आबांनी, म्हणजे आजोबांनी, हाली सिक्क्यांची (निजामाच्या नाण्यांची) थैली मोजून रान घेतलं, मौला हैदराबादला पोरांकडे निघाला होता, जाताना बैलाच्या गळ्यात पडून रडला. लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची, बैलाचं तर जास्तच. कधी घेतलं, अॅक्शनच्या आधी की नंतर, हे आम्ही कुणीच आबांना विचारलं नाही. 1954-55 ला खासरा पाहणी, म्हणजे कुठलं रान कुणाचं याची नोंद झाली त्यात आबांचं नाव आहे म्हणतात, त्याच्या मागचं सेतवार, म्हणजे जुनं जमिनीचं दफ्तर वगैरे कुणी बघितलेलं नाही.

आणि त्या रानाच्या सातबाऱ्यावर आज माझं नाव आहे, चुलत्यांच्या पोरांबरोबर. पासपोर्ट माझा इथला झालाय, मतदान मी इथे करतो, तिकडे मी ओसीआय, भारतीय वंशाचा परदेशी नागरिक, म्हणजे तिकडे आता शेतजमीन विकत घ्यायचा मला अधिकार नाही, वारशाने आलेली तेवढी ठेवता येते. इथे कुणी विचारलं की व्हेअर आर यू फ्रॉम, तर मी मुंबई सांगत नाही, पुणे सांगत नाही, मी सांगतो लातूरजवळ माझी जमीन आहे. गाव सोडलेल्या माणसाकडे सांगायला एवढंच असतं, भाषा तर पोरांची गेलीच, ती आजीला "हाय आजी" म्हणून फोन माझ्याकडे देतात. त्या सातबाऱ्याच्या जोरावर तर मी ग्रुपात "आपल्याकडे" म्हणतो, "तुमच्याकडे" नाही. वकीलसाहेबांनी नेमकं तिथे बोट ठेवलं, जुना दोस्त आहे, त्याला माहिती आहे कुठे दुखतं.

मला वाटतं आबांनी पैसे मोजले असतील. त्या काळात स्वस्तात घेतलं असेल आणि मोजलेही असतील, दोन्ही खरं असू शकतं. बैल खरा होता की नाही कुणास ठाऊक.

शनिवारी अण्णाला, म्हणजे थोरल्या चुलतभावाला फोन लावला, म्हटलं आपल्या पट्टीचे 1948 च्या आगंमागंचे कागद काढता येतील का. तो आधी हसला. मग म्हणाला, "कशाला उकरायलास? सोयाबीनला भाव नाही, इथं आम्ही कोणत्या इवंचनेत हाव आन तुला मौला आठवायलाय." मी म्हटलं वादाचं काही नाही, मला फक्त बघायचंय. थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, वकिलाला विचारतो, त्याचं रोजचंच काम आहे ते. लातूरला नाही मिळालं तर बिदरला जावं लागंल, खर्च तू दे, आन उर्दू वाचणारा माणूस तुझा तू बघ, इथले दोघं कुणबी नोंदीत अडकलेत.