"मनाचे खेळ" म्हणणाऱ्या वाचकाला : गॉलब्लॅडरच्या लेखावरच्या प्रतिक्रियेचं उत्तर

गॉलब्लॅडर म्हणजे पित्ताशय काढल्यावर पचनाचं काय होतं आणि काही पदार्थ अचानक का सोसेनासे होतात यावर मी लिहिलेल्या लेखाखाली एक भलीमोठी प्रतिक्रिया आलीय. तिथेच दोन ओळीत उत्तर देणार होते पण लिहायला बसले तर ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, पित्त लिव्हर बनवतं, गॉलब्लॅडर म्हणजे नुसती साठवणीची टाकी, ती काढली काय नि ठेवली काय, बाकी सगळे मनाचे खेळ." पुढे त्यांचं म्हणणं असं की मी अ‍ॅलर्जी आणि न पचणं यांची सरमिसळ केलीय, मी डॉक्टर नाही, १९६८ चा जुनाट अभ्यास उगाच उकरून काढलाय, आणि माझं वाचून लोक गरजेचं ऑपरेशन टाळतील. सगळ्यात शेवटी "काळजी घ्या" असंही आहे.

आधी या "ताई"बद्दल. ताई म्हणून सुरुवात करायची आणि त्याच वाक्यात त्या ताईला वेड्यात काढायचं, ही कुठली रीत? तुम्हाला माझं म्हणणं पटलं नाही तर सरळ सांगा की पटलं नाही, मी ऐकून घेईन, आजवर घेतलंय. पण ज्या बाईने स्वतःच्या शरीराबद्दल इतकं उघड लिहिलंय, संडासाबद्दलसुद्धा लिहिलंय, ज्याबद्दल आपल्यातले निम्मे लोक डॉक्टरसमोर पण बोलत नाहीत, तिला "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावायचं आणि वर काळजी घ्या म्हणायचं, याला सल्ला म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य. अ‍ॅलर्जी हा शब्द मी लेखात दोन-तीन ठिकाणी सैल वापरलाय, बोलताना आपण वापरतो तसा. काटेकोर बोलायचं तर खरी फूड अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते, बहुतेक वेळा त्यात आयजीई नावाचं अँटिबॉडी असतं, आणि खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, उलट्या होतात, कधी श्वास कोंडतो आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यात अगदी कणभर पदार्थही पुरतो. माझ्या भावाला अंड्याची अशी अ‍ॅलर्जी लहानपणी होती, त्यामुळे ती कशी दिसते ते मी जवळून पाहिलंय, मला ते शिकवायची गरज नाही. न सोसणं वेगळं, तिथे किती खाल्लं यावर त्रास ठरतो, थोडं चालतं, जास्त झालं की पोट बिघडतं. गॉलब्लॅडर काढल्यामुळे नवी अ‍ॅलर्जी तयार होते असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. पण तो शब्द सैल होता, बरोबर आहे. झालं समाधान?

आता ते वाक्य. "काढली काय नि ठेवली काय."

लिव्हर पित्त बनवतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. रोज अर्धा ते एक लिटर बनवतं. प्रश्न ते कधी आणि किती आतड्यात उतरतं हा आहे. गॉलब्लॅडरमध्ये जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं, पण ते तिथे नुसतं पडून राहत नाही, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि पित्त कितीतरी पटीने दाट होतं. मग आपण तेला-तुपाचं, प्रथिनांचं काही खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याच्या इशाऱ्यावर गॉलब्लॅडर आकसतं, पित्तनळीच्या तोंडाची झडप सैल होते आणि दाट पित्त नेमकं जेवणाच्या वेळी अन्नावर येऊन पडतं. म्हणजे तुमच्या टाकीला वेळ कळते हो. ती काढली की लिव्हरकडून येणारं पातळ पित्त थेंब थेंब दिवसभर आतड्यात उतरत राहतं, पोटात अन्न असो नसो.

बहुतेकांचं शरीर याच्याशी जुळवून घेतं. हे मी मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय आणि तुम्ही ते सोयीस्करपणे गाळलंत. पण काहींचं नाही जुळत. एरवी पित्तातली आम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात, साधारण ९५ टक्के, आणि परत लिव्हरकडे जातात. हे चक्र ऑपरेशननंतर जास्त वेळा फिरायला लागतं, आणि ज्यांच्यात न शोषली गेलेली आम्लं जास्त प्रमाणात मोठ्या आतड्यात पोचतात तिथे ती आतड्याला पाणी सोडायला लावतात आणि हालचाल वाढवतात. परिणाम काय? जेवण झालं की पळापळ, पिवळट-हिरवट पाण्यासारखी शी, जळजळ, आणि धरून ठेवणं अशक्य. याला बाइल अ‍ॅसिड डायरिया म्हणतात, डॉक्टरी पुस्तकातला आजार आहे हा. यात मन कुठे आलं ते मला सांगा.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की नेहमीच्या तपासण्यांत हे दिसत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, कोलोनोस्कोपीत पण डोळ्यांना काही दिसत नाही कारण तिथे बघण्यासारखं काही नसतंच. खास तपासण्या आहेत पण सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून बरेच डॉक्टर औषध देऊन बघतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस ठीक आहे असं धरून चालणारे तुमच्यासारखे लोक, आणि रोज पोट धरून बसणारे आमच्यासारखे लोक, यांच्यातलं भांडण इथूनच सुरू होतं.

माझंच सांगते, कारण तुम्ही म्हणालात की मी "ऐकीव माहितीवर" लिहिते. खडे होते, वारंवार कळा येत होत्या, ऑपरेशन झालं, छान झालं. सर्जन म्हणाले आता सगळं खा. मी खाल्लं. त्यानंतर जे सुरू झालं त्यात मी बाहेर जेवणं सोडलं, मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायला लागले, लांबच्या प्रवासाला उपाशी निघायला लागले. मला वाटलं कसलीतरी अ‍ॅलर्जी लागलीय, म्हणून एक-एक पदार्थ बंद करत गेले, आधी अंडी, मग दूध, मग गहू, मग दाणे, शेवटी ताटात काही उरेना आणि वजन उतरायला लागलं. एका ठिकाणी पैसे भरून रक्ताची आयजीजी तपासणी (आयजीई नव्हे, हे दुसऱ्या जातीचं अँटिबॉडी) केली, त्यात भलीमोठी यादी आली की हे खाऊ नका ते खाऊ नका. (ही तपासणी करू नका हे मी लेखात ठळक अक्षरात लिहिलंय, आयजीजी दिसणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे एवढंच, अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलंय.) आणि एक डॉक्टर, ज्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, ते म्हणाले टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. तेच तुमचे मनाचे खेळ. ती चिठ्ठी हातात घेऊन मी बाहेरच्या बाकड्यावर रडले आहे, म्हणून तो शब्द मला इतका लागतो.

फरक पडला तो वहीमुळे. किती वाजता, काय, किती खाल्लं, आणि पुढे काय झालं, शीचा रंगसुद्धा. ती वही दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की पदार्थ कुठलाही असो, भरपूर तेल-लोणी असलेलं मोठं जेवण झालं की त्रास, आणि सकाळी उपाशीपोटी कॉफी घेतली की त्रास. त्यांनी पित्त बांधून ठेवणारं औषध दिलं, कोलेस्टायरामीन. पावडर असते, पाण्यात धड विरघळत नाही, दातात कचकच लागते, आणि इतर गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतात नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते. जास्त झाली तर बद्धकोष्ठ होतं. पण काही दिवसांतच माझी पळापळ थांबली. मनाच्या खेळावर पित्त बांधणारी पावडर कशी काय लागू पडली, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा.

मग अंडी परत सुरू केली, काही झालं नाही. गहू, दाणे, काही नाही. दूध मात्र आजही मोठा पेला भरून सोसत नाही, दही चालतं, म्हणजे तो लॅक्टोजचा, दुधातल्या साखरेचा, वेगळा मामला आहे आणि तो बहुधा ऑपरेशनच्या आधीपासून होता. बघा, सरसकट सगळं गॉलब्लॅडरच्या माथी मारत नाहीये मी. आणि म्हणूनच लेखात लिहिलं होतं की पदार्थ बंद करायचे तर एका वेळी एक, थोड्या काळासाठी, आणि परत खाऊन बघायचं. ज्याने खरी अ‍ॅलर्जी आलीय, म्हणजे सूज, गांधी, श्वास, तो पदार्थ मात्र घरी अजिबात खाऊन बघायचा नाही, त्यासाठी अ‍ॅलर्जीचे डॉक्टर आहेत.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. १९६८ चा अभ्यास ब्रेनेमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचा, ६९ रुग्णांचा, ठरावीक पदार्थ वगळून गॉलब्लॅडरचा त्रास कमी होतो का हे बघणारा. तो छोटा आणि जुना आहे हे मी तिथेच लिहिलंय, तुम्ही नवीन काही शोधून काढलेलं नाही. मी डॉक्टर नाही, हो नाहीच, कधी म्हटलं? लोक ऑपरेशन टाळतील म्हणता, तर खडे त्रास देत असतील तर ऑपरेशन करा, मी पण केलं आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा केलं असतं, यापलीकडे काय लिहू. १८८२ मध्ये बर्लिनला लांगेनबुख यांनी पहिल्यांदा गॉलब्लॅडर काढलं तेव्हापासून लोक त्याच्याशिवाय जगतायत, हे मलाही ठाऊक आहे, पण जगणं आणि सुखाने जेवणं यात फरक असतो.

आणि अजून एक. माझ्याशी काय बोलायचं ते बोला, पण त्याच लेखाखाली एका बाईंनी ऑपरेशननंतर उजव्या कुशीत कळ आणि मधूनमधून ताप येतो असं लिहिलं होतं, त्यांनाही तुम्ही "जरा मन रमवा" असं उत्तर दिलंत. पित्तनळीत खडा राहून गेला असेल तर अशीच कळ येते, सोबत ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर ते इमर्जन्सी असू शकतं. तुमची माझ्यावरची प्रतिक्रिया मी ठेवलीय, एक शब्द काढलेला नाही. त्यांना दिलेलं उत्तर मात्र मी डिलीट केलंय आणि त्यांना आजच्या आज डॉक्टरकडे जायला लिहिलंय.