तिकडे अहो-जाहो, इकडे ब्रो

माझी नाशिकची मावसबहीण बारावीला आहे आणि तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय, कोरियन वेबटूनची, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या कॉमिक्सची, फॅन ट्रान्सलेशन वाचणं म्हणजे चोरी का. एकीचं म्हणणं पैसे भरा नाहीतर वाचू नका, बाकीच्या म्हणतात मराठीत देतंय कोण. परवा ही बया स्वतःच मराठी करायला बसली आणि मला मेसेज, ताई तू कोरियात सुवोनला राहतेस ना, जरा चेक करून दे.

इथे पुढचा भाग आधी वाचायचा तर नेव्हर या वेबटूनच्या साइटवर कुकी (त्यांचं टोकन) विकत घ्यायची, एक कुकी 100 वॉनची, म्हणजे आपले 6 रुपयांच्या आसपास, थांबायची तयारी असेल तर फुकट. आमच्या मजल्यावरची एक मुलगी वेबटून आर्टिस्टची असिस्टंट आहे, नुसतं बॅकग्राउंड आणि रंग करते, दर आठवड्याला 60-70 चित्रं, आणि मुख्य आर्टिस्टला जो अॅडव्हान्स मिळतो तो कमाईतून आधी वळता होतो, मग उरलं तर हातात. 2018 मध्ये बामतोक्की नावाची चोरीची साइट चालवणारा पकडला गेला तेव्हा इथे मोठी बातमी झाली होती. त्यामुळे 'आम्ही प्रेमापोटी करतो' हे त्या मुलीच्या तोंडावर मला नाही बोलता येणार.

पण मराठीत देतंय कोण, हेही खरंच आहे. वेबटून नावाच्याच कंपनीने मध्यंतरी चाहत्यांना रीतसर भाषांतर करू द्यायची सोय काढली होती, ती पण बंद केली, हे मला अजिबात पटलेलं नाही, कारण कोरियन मराठीत जितकं छान बसतं तितकं इंग्लिशमध्ये बसतच नाही. कोरियनमध्ये ओळख वाढली की 'माल नोआ' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो सोड, अरे-तुरे कर. अख्ख्या लव्हस्टोरीचा टर्न त्या एका वाक्यात असतो आणि इंग्लिशमध्ये आधीही यू नंतरही यू! बाबांना तर ते अप्पाच म्हणतात, आता बोला.

आणि बहिणीने केलं काय, तर इंग्लिशवरून उचललं, 'ह्युंग'चं सगळीकडे 'ब्रो'. म्हटलं अगं दादा लिही, धाकटा भाऊ मोठ्याला ह्युंगच म्हणतो. तर म्हणते, ताई, दादा लिहिलं की हिरो निवडणुकीला उभा राहिल्यासारखा वाटतो.