निवडुंगाचा चीक डोळ्याला? मावशी, थांब!

‘काटेरी झाडं ओळखा, वाढवा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. दुर्लक्षच केलं असतं, पण काल मावशीचा फोन आला: “आवारातल्या त्या लाल फुलांच्या काटेरी झाडाचा चीक रांजणवाडीला लावू का रे? निवडुंगच ना तो, थंड असतो म्हणे.”

मेसेजचं पहिलं वाक्य: मांसल खोड आणि काटे दिसले की तो कॅक्टस. साफ चूक. मावशीकडे आहे ते क्राउन ऑफ थॉर्न्स, म्हणजे युफोर्बिया मिली. लंडनमधल्या क्यूच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सची वनस्पतीसूची उघडून बघा: मूळ मादागास्करचं, कुळ एरंडाचं. कॅक्टसचे काटे लवदार ठिपक्यांतून निघतात, तसे ठिपके इथे नसतात. आता गोंधळ होतो हे मान्य, कारण आपणच तीनधारी युफोर्बियालाही निवडुंग म्हणतो आणि फड्यालाही. त्यातला फड्या तेवढा खरा कॅक्टस. पण नाव एक म्हणून गुण एक होत नाहीत.

आणि ‘चीक थंड असतो, डोळ्याला लावा’? हे लिहिणाऱ्याने युफोर्बियाची फांदी कधी छाटली तरी आहे का? तो पांढरा चीक कातडीवर आग करतो, फोड आणतो. डोळ्यात गेला तर कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. शिवाय त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, त्यामुळे ‘काही झालं नाही’ म्हणून माणूस निवांत बसतो. चीक उडालाच तर लगेच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टर गाठायचा.

‘काटेरी झाडाला पाणी लागतच नाही’ हे अर्धं खरं. युफोर्बिया कोरड्यात तगतं, पण पानं गाळतं. साचलेल्या पाण्याने मात्र मुळं कुजतात. बोगनवेलीला ‘फुलांसाठी भरपूर खत-पाणी’ द्याल तर पानंच मिळतील. तिला ऊन हवं. ड्युरांटाची पिवळी फळं खाण्यासारखी दिसतात खरी, पण ती विषारी आहेत. मुलं खेळतात तिथे ते झुडूप लावूच नका.

मावशी, छाटताना हातमोजे आणि चष्मा घाल. फांदी लावायची असेल तर चीक सुकेपर्यंत दोन-चार दिवस सावलीत ठेव. रांजणवाडीला कोमट पाण्याचा शेक दे, आणि उतरली नाही तर डॉक्टरांना दाखव.